घराच्या नंबराचा रकाना

सालेलोलोगा,
मंगळवार, ११ जून

प्रिय एपेताई,

तालोफा. शुद्धलेखन सांभाळून घे. एका बोटानं टाइप करतेय, म्हणून उशीर. आई बरी आहे. तू ऑकलंडहून आमच्यासाठी मामाच्या दुकानात मागवलेला पिसुपोचा खोका पोचला. आईनं त्यातला गोमांसाचा एक डबा लगेच फोडलापण.

लाफाएलेमामाच्या दुकानाचं ऑनलाइन पान बघितलंसच. फिलोईनं केलंय, मामीची भाची, शिकून आलीय ती. माझं जुनं पान पुसून टाकलं. मामा येईल त्याला सांगतो, "आता माझी कोंबडीपण खरेदी करेल!"

फिलोई गिऱ्हाइकाच्या हातात फोन देते आणि गप्प बसते. बोट कुठं अडतंय तेवढंच बघते. गप्प बसायचं काम तर माझं ना गं? वर्गात उभं राहून बोलवेना म्हणून तर शाळा सोडली मी. आणि ही गप्प बसली की सगळे म्हणतात, किती हुशार!

सगळ्यांची बोटं घराच्या नंबरावर अडायची. आपल्याकडं कुणाच्या घराला नंबर आहे? पण तो रकाना भरल्याशिवाय पान पुढं जायचंच नाही. लोक कंटाळून सोडून द्यायचे. फिलोईनं तो काढला. आता गाव निवडायचं, कुटुंबाचं नाव टाकायचं, कुठल्या चर्चजवळ ते लिहायचं. झालं.

"तुला कसं सुचलं नाही गं, टिलो?" म्हणाली. चांगल्या मनानं म्हणाली, तेच जास्त लागलं.

सुचलं होतं, ताई. तू पहिल्यांदा अडलीस तेव्हाच. तू फोन केलास, "टिलो, आपल्या घराचा नंबर काय गं?" मी म्हटलं, "थांब, डुकराला विचारते." किती हसलीस! मग दर शनिवारी तू विचारायचीस, मी कायतरी नवीन नंबर ठोकून द्यायचे, आणि मग आपण बोलत बसायचो. म्हणून ठेवला तो रकाना तसाच.

परवा तू फिलोईला लिहिलंस, "आता कुणाला विचारावं लागत नाही, बसमध्येच होऊन जातं." तिनं मला मोठ्यांदा वाचून दाखवलं. शनिवारी फोन आला नाही.

मला ती आवडत नाही. पान चांगलं केलंय तिनं. तेच तर आवडत नाही.

बाकी ठीक.

अजून तरी तुझीच,
टिलोमाई

ता.क. मी केस कापले. पार कानापर्यंत. आई अजून रडतेय.