मंगळवारचा दिवा आणि जाळपट्टा

माघ व. ४, मंगळवार
पहाटे टेकडीवर गेलो. खडकाईपुढं दिवा लावला. लढाईमुळं घासलेट मिळत नाही, दिवाळीपासून कंदील खुंटीलाच. आठ वर्षं काचेच्या आत दिवा न्यायचो, या साली जवसाच्या तेलाची उघडी पणती. देवीला दोन्ही सारखंच.
गवत कमरेला लागतं. वाळून पिवळं झालंय, हात लावला की मोडतं. मागल्या चैत्रात हेच पेटून खालच्या आळीपर्यंत आलं. सात छपरं गेली, आणि दावणीला बांधलेली गोविंदाची बैलजोडी. तो आवाज अजून...
संध्याकाळी पारावर बैठक. जाळपट्टा करायचा ठरला. काम माझ्याकडं.

माघ व. ५
ठरलेलं लिहून ठेवतो, नाहीतर होळीपर्यंत जो तो आपलं सांगेल. गावाच्या वरच्या अंगानं, ओढ्यापासून खडकापर्यंत, बारा हात रुंद पट्टा. गवत कापायचं, उरलेलं ओल्या फांद्या हातात धरून, वारा नसताना जाळायचं, मग जमीन खरवडायची. घरटी एक माणूस. कडब्याच्या गंज्या गावाबाहेर. दारात दोन घागरी पाणी आणि ओलं गोणपाट. छपर ओढायला आकडे. धूर दिसला की पाटलानं डबा वाजवायचा. पट्ट्यापलीकडं विडी-चिलीम नाही. मोहाखालचा पाला पेटवायचा नाही, झाडूनं लोटायचा.
या शेवटच्यावर बाया बिथरल्या. पाला जाळला की जमीन साफ होते, फुलं वेचायला सोपी जातात. त्यांच्या आज्यांनी तेच केलं. मागची आग कोणाच्या झाडाखालून आली ते आजवर कोणी सांगितलं नाही.
सखूबाई मागून माझ्याकडं बोट करून म्हणाली, "आमचा पाला बंद. अन् नानाचा दिवा?"
लोक हसले. दाजीबा पाटील म्हणाला, "देवीचा दिवा कायले आग लावते वो?"
मीही हसलो.

फाल्गुन शु. ५
जाळपट्टा (ज. पट्टा) निम्मा झाला. हातांना फोड. लोक येतात, कुरकुरतात, पण येतात. गोविंदा सगळ्यांच्या आधी येतो.
सखूबाई तिच्या घरच्या माणसाच्या जागी स्वतः आली. नवरा गेल्यापासून तिचं टेकडीवरच्या तीन मोहांवर चालतं. फुलं सुकवून मेडशीच्या बाजारात नेते. मीठमिरची, लुगडं, सगळं त्यातून. विळा माझ्यापेक्षा चांगला चालवते. म्हणाली, "नाना, तुमी लिवायचंच काम करा. गवताले तुमची कीव येते."

फाल्गुन शु. १०, मंगळवार
दिवा. परत आलो तर घरी आरडाओरड. देवळीतल्या दिव्याची जळती वात उंदरानं ओढून नेली, तेलासाठी. हिनं धान्याच्या कणगीमागून ती विझवून काढली. म्हणाली, "मांजर पाळा म्हणून कवाची सांगून राह्यली."
हिला सहज विचारलं, टेकडीवरचा दिवा या साली घरीच लावला तर? थोरला तापातून उठला तेव्हा नवस हिनंच बोलला होता.
"मी तेल देवीले कबूल केलं जी, तुमच्या पट्ट्याले नाही."
विषय संपला.

फाल्गुन शु. १५
होळी या वेळी ओढ्याच्या वाळूत. पोरांना आवडलं नाही. ज. पट्टा पुरा झाला. वरून पाहिला, गाव आणि गवत यांच्यामध्ये धोतराची काळी किनार काढल्यासारखा. रामाची कृपा.

फाल्गुन व. ९, मंगळवार
पहाटे दिवा लावला तेव्हा वारा नव्हता. सखूबाई मोहाखाली वेचत होती, देवीपासून हाकेच्या अंतरावर. राम राम झाला.
दुपारच्या आत धूर दिसला, मलाच आधी. पाटलानं डबा वाजवला. मी पट्ट्यावर पोचलो तोवर मोहाच्या अंगानं सगळं उतार धरून खाली येत होतं. आवाज मोठा होता, पण गडबड झाली नाही. प्रत्येकाला आपली जागा माहीत होती. बाया घागरी घेऊन, माणसं ओली गोणपाटं घेऊन रांगेत. आग पट्ट्यापाशी आली आणि तिथंच बसली. एक ठिणगी उडून भिवसनच्या छपरावर पडली. आकड्यांनी तेवढा भाग ओढून खाली घेतला, विझवला. एकही घर गेलं नाही.
गोविंदा पट्ट्यावर बसून राहिला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

फाल्गुन व. १०
पंच बसले. पाटलानं विचारलं, धूर कोणी पहिला पाहिला? मी पाहिला होता. कुठून? मोहाच्या अंगानं, मी म्हणालो. खरंच होतं ते.
सगळे सखूबाईकडं वळले.
"मी झाडूनंच लोटलं. पाला आळ्यात भरून वर गोटे ठेवले. नानानं सांगितलं तसंच."
कोणीतरी म्हणालं, दरसाल पेटवणारी याच साली कायले झाडू घेते. निकाल झाला: या साली तिनं ज. पट्ट्यापलीकडं पाऊल टाकायचं नाही. मोह आत्ताच पडायला लागलाय; मोठ्या झाडांना आगीनं काही होत नाही, वर फुलं तशीच आहेत.
जाताना तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. एरवी टोमणा मारून जाते.

चैत्र शु. १
गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला. दिवसभर तिचे ते पाल्यावरचे गोटे डोक्यात.

चैत्र शु. २, मंगळवार
वर गेलो. राखेत पाय घोट्यापर्यंत.
सखूबाईच्या तिन्ही झाडांखाली जमीन अंगणासारखी लोटलेली. तिथं जळायला काही नव्हतंच, आग बाजूनं निघून गेलेली. मधल्या झाडापासून थोडं खाली आळं, वर गोटे. एक उचलला. खाली पाला. कोरडा, जसाच्या तसा.
मग देवीपाशी गेलो. पणती कलंडलेली, तेल दगडावर वाळलेलं. वात नाही. दगडामागं उंदरांची बिळं आहेत, आठ वर्षं पाहतोय. तिथून काळं सुरू होतं.
वात पणतीत जळून गेली असेल, असंही होऊ शकतं. पण तिचं काळं टोक तरी राहतं. पुष्कळ वेळ शोधला.
आज दिवा लावला नाही. पणती खांद्यावरच्या पंच्याच्या टोकात बांधून आणली.

चैत्र शु. ३
हिला सांगितलं. तिनं पणती पाहिली, भाकरी थापायची थांबली.
"मंग आता गावाले सांगान का, देवीनं टेकडी पेटोली म्हणून?"
"देवीनं नाही. मी."
तवा जळायला लागला तेव्हा उठली. नंतर एवढंच म्हणाली, "नवस माहा होता."

चैत्र शु. ४
पाटलाकडं गेलो. त्यानं ऐकून घेतलं, दार लोटलं.
"नाना, हे तोंडातून काढू नको. लोकं तुह्या शब्दावर पट्ट्यावर आले. उद्या म्हणतीन, नानाच आग लावते अन् आमाले विडी बंद करते. पुढल्या साली एक माणूस येणार नाही. मंग गोविंदाचे बैल आठव."
"अन् सखूबाई?"
"एका सालाचा मोह. तिले मी ज्वारी देतो पायलीभर."
तो वाईट माणूस नाही. गावाचंच बोलत होता. त्याचं म्हणणं खोडता येईना, आणि गळीही उतरेना.
तिथून सखूबाईच्या ओट्यावर. सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.
"मंग आता कोणाले बसवता पंचापुढं, उंदराले?"
मी म्हणालो, मी बसतो.
"बसा. पण लवकर बसा. मोह काही पंचायतीसाठी थांबत नाही."

चैत्र शु. ७
पंचांपुढं उभा राहिलो. पणती पुढं ठेवली. गोट्याखालचा पाला मुठीत आणला होता, तोही. धूर मोहाच्या अंगानं दिसला हे खरं, पण मी तेवढंच सांगितलं आणि गप्प बसलो, हेही सांगितलं.
मग भिवसन म्हणाला, देवीच्या दिव्यावर बोट ठेवणं बरं नाही. दुसरा म्हणाला, मग पट्ट्याचे नियम कोणासाठी? गोविंदा उठून गेला. माझ्याकडं न पाहता. त्याचं मन कळलं नाही.
पाटील म्हणाला, आत्ता डोकं तापलंय, मारुतीचा जन्म झाल्यावर बसू. तोवर आधीचा निकाल कायम.
तोवर मोह संपतो.

चैत्र शु. ८
पहाटे टोपली घेऊन निघालो. ही दारात उभी. आतून दुसरी टोपली आणून दिली.
मला टेकडी बंद नाही.

चैत्र शु. ९, मंगळवार, रामनवमी
आधी खडकाईला. दगडाला हातानंच तेल लावलं, दिवा नाही. एवढं चालेल का, विचारलं.
मग मोहाखाली. पन्नाशीला आलेल्या कमरेला हे काम जमत नाही. अर्धी टोपली झाली तेव्हा खालून हाक आली. सखूबाई ज. पट्ट्याच्या कडेला बसली होती, गावाच्या बाजूनं. पायाची बोटं काळ्या जमिनीला लागू न देता.
"नाना, चिरडून राह्यले तुमी फुलं. दोन बोटांनं उचला. अन् त्या खालच्या झाडाचे राहिले."
दोन बोटांनी उचलली. खालच्या झाडाचीही.
टोपली नेऊन पट्ट्याच्या मधोमध ठेवली, सहा हात तिच्याकडं, सहा माझ्याकडं. ती उठली नाही. मान वाकडी करून फुलं पाहत होती, किती दबली ते. दुसरी टोपली घ्यायला वर गेलो. वळून पाहिलं नाही.