आबांचा त्यागलेला फोन

॥ श्री ॥
पिंप्राळा, जळगाव
२ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबांना नात चेलना हिचा साष्टांग नमस्कार व जय जिनेंद्र. वि. वि.

आबा, अख्ख्या धुळ्याच्या हातात मोबाईल देणाऱ्या माणसाने चातुर्मासात मोबाईलचाच त्याग करावा! तुमच्या दुकानातल्या रोनकने सांगितलं तेव्हा मी हसून हसून लोळले. सिमकार्ड म्हणे त्याच्याकडे दिलंत आणि फोन लाल फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलात. म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या 'फिरून'चं चांगलं चाललंय. मी आणि तुमच्या दुकानासमोरच्या नासीरचाचांचा झैद, आम्ही दोघं जुने फोन घेतो, तपासतो, बॅटरी-पडदा बदलतो आणि वर्षाच्या गॅरंटीने विकतो. नवे फोन महाग झालेत, लोक आहे तोच वर्षानुवर्षं वापरतात. पण पोराच्या शाळेला एक, शेतातल्या पंपाला एक, असे घरात दोन-तीन तरी लागतातच. पुढचा धंदा यातच आहे, लिहून ठेवा. फक्त ऑनलाइन घ्यायला आपला खानदेशी माणूस बिचकतो. बिघडला तर ज्याच्याशी जाऊन भांडता येईल असा दुकानदार त्याला समोर लागतो. आणि भांडायला तुमच्या गादीइतकी चांगली जागा दुसरी कुठली?

पुण्याची एक कंपनी मागे लागली आहे. काम आम्ही करायचं, नाव त्यांचं. दिवाळीनंतर उत्तर द्यायचंय. तुम्ही काउंटर दिलंत तर 'फिरून' आपल्याच नावाने उभं राहील. विचार करा ना.

आजींना नमस्कार. लोभ आहे तो रोज चार्ज होत राहावा.

तुमची,
चेलना

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
३ सप्टेंबर २०२५

चि. चेलनास दलिचंदचे अनेक आशीर्वाद.

संवत्सरी झाली. वर्षभरात कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. क्षमा मागून झाली, आता पुढच्या वर्षाची सुरुवात करतो. तुझा जुना माल माझ्या गादीवर येणार नाही.

रागावू नकोस. तुझी हुशारी मला ठाऊक आहे, झैदचा हातही ठाऊक आहे. पण फोन म्हणजे काय शर्ट आहे, धुतला, इस्त्री केली की झाला नवा? अगं, माणसाचं घर असतं त्यात. सुनेचे फोटो, डॉक्टरचे कागद, नवरा-बायकोची भांडणं. तुमच्या दुकानातली पोरं ते उघडून बघत नाहीत कशावरून? उद्या कोणाच्या घरची गोष्ट चौकात गेली तर लोक 'फिरून'ला विचारणार नाहीत, दलिचंदला विचारतील. गादीवर बसणं सोपं वाटतं, पण नाव एकदा गेलं की गेलं.

फोनवाचून माझं मजेत चाललंय. सकाळी पांझरा नदीपर्यंत फिरून येतो, माणसांशी तोंडाने बोलतो. तुझी आजी मात्र म्हणते की हल्ली मी फार बोलतो.

प्रकृतीला जप. माया आहेच, नकाराने ती आटत नाही.

तुझा,
आबा

पिंप्राळा, जळगाव
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आबांना सा. न. वि. वि.

नकार पोचला, पण मी तुमचीच नात आहे, एका नकाराने दुकान बंद करत नाही.

तुमच्या शंकेचं उत्तर ऐका. आमचा पहिला नियमच तो आहे. फोन आला की आधी यंत्राला जोडायचा, सगळा पुसायचा, आणि मगच त्याचं तोंड बघायचं. फोटो नाही, निरोप नाही, काही उघडायचं नाही. एका पोराने मागे गंमत म्हणून एक गॅलरी उघडली, त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवलं. आणि पुसणंही असं की झैदला स्वतःला परत काढता येत नाही.

माल कुठून येतो ते कळलं तर हसाल. बोहारणींकडून! कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया हल्ली जुने मोबाईलही घेतात. तुमच्या देवपुरात फिरणारी बेबाबाई आमची सगळ्यात मोठी पुरवठादार आहे. दिवाळीच्या आवराआवरीत तिची टोपली भरून वाहते आहे. "बठ्ठं सोनं शे," म्हणते, सगळंच सोनं! काल तिच्या मालात एका फोनला चार्जिंगच्या भोकाशी लाल नखपॉलिशचा ठिपका होता, पिन कुठे घालायची ते कळावं म्हणून! मी पुसायला लावला आणि झैदला म्हटलं, कुणातरी डोकेबाज आजीबाईंचं काम दिसतंय.

पुण्याला अजून कळवलेलं नाही. तुमची वाट पाहते आहे. जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची हट्टी,
चेलना

देवपूर, धुळे
६ नोव्हेंबर २०२५

चि. चेलनास आशीर्वाद.

काल पौर्णिमा झाली, नियम पुरा झाला. सकाळी कपाट उघडलं तर लाल फडकं आहे, फोन नाही. तुझ्या आजीला विचारलं. तिने शांतपणे सांगितलं की त्याग केलेली वस्तू घरात कशाला ठेवायची, म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत बेबाबाईला दिली आणि झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. चार महिन्यांचा त्याग तिने जन्माचा समजला. वर म्हणते, डबा बघा किती जाड आहे!

नखपॉलिशचा ठिपका तिचाच.

फोन गेल्याचं काही नाही. पण त्यात माझे थोरले भाऊ, मिश्रीलालनाना, यांच्या आवाजातला एक निरोप होता. जाण्याआधी दोन दिवस पाठवलेला. बाजारात गिऱ्हाइकांशी अहिराणी बोलून बोलून त्यांची जीभ तशीच झाली होती. "दल्या, जेवना का?" एवढंच. जगात मला दल्या म्हणणारं दुसरं कोणी उरलं नाही. दुकानात लोकांना फोनमधल्या आठवणी जपून ठेवायला मीच शिकवतो, स्वतःच्या मात्र कुठे जपल्या नाहीत. दिव्याखाली अंधार.

पोरी, तो फोन अजून तसाच असेल तर बाजूला ठेव. मी येतो.

आबा

पिंप्राळा, जळगाव
९ नोव्हेंबर २०२५

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

फोन इथेच आहे, विकलेला नाही. पण तो पुसला गेला, आबा. यंत्राला मीच लावला. झैद काल दिवसभर त्याच्याशी झगडला. आत काही उरलेलं नाही. मी फार रडले. नानाआजोबा मलाही तसंच विचारायचे, जेवनी का म्हणून.

एक बदल केला आहे. आता बेबाबाई आणि सगळ्या बोहारणी दारातच विचारतील की आतलं काढून घेतलं का. आणि आलेला फोन महिनाभर न उघडता पेटीत राहील, कोणी शोधत आलं तर मिळावा म्हणून. हे आधीच सुचायला हवं होतं.

गादीचं आता विचारत नाही. कोणत्या तोंडाने विचारू? पुढच्या सोमवारी, सतरा तारखेला, पुण्याला होकार कळवते. तुमचा फोन घेऊन स्वतः धुळ्याला येईन. माया करा म्हणायचाही धीर नाही.

तुमची,
चेलना

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
१४ नोव्हेंबर २०२५

चि. चेलनास आबांचे भरभरून आशीर्वाद.

पुण्याला काही कळवायचं नाही, असं रोनककडून तुला आधीच सांगितलं. का, ते आता लिहितो.

खोटं कशाला सांगू, पत्र वाचून दोन दिवस घास गेला नाही. तुझी आजी डबा परत करायला बेबाबाईला शोधत गल्लोगल्ली फिरली. तिला म्हटलं, राहू दे, नाना असते तर त्या डब्यात शेव भरून मागितली असती.

मग डोक्यात प्रकाश पडला. मी तुला विचारलं होतं, तुमची पोरं उघडून बघत नाहीत कशावरून? एक फोटो जरी तू बघितला असतास तरी त्यात तुझ्या आजीचं तोंड दिसलं असतं, आणि नानांचा आवाज वाचला असता. तू बघितला नाहीस. जी पोरगी सख्ख्या आजोबाचाही फोन उघडत नाही, तिच्याकडे लोकांची घरं सुखरूप आहेत. नानांचा आवाज जाऊन मला याची खात्री पटली. त्यांनाही हा सौदा वाईट वाटला नसता.

काउंटर तुझं. रस्त्याकडची पहिली काच रिकामी केली आहे, पाटीवर 'फिरून' मोठ्या अक्षरात आणि दलिचंद खाली. भांडायला येणाऱ्यांसाठी एक खुर्चीही मांडली आहे. झैदला सांग, बाप समोरच बसतो, काम चोख पाहिजे.

पहिला विकायचा फोन माझाच, आणि तो मलाच. फुकट घेणार नाही, पावती दे, गॅरंटी दे. फक्त देण्याआधी एक काम कर. त्यात तुझ्या आवाजात एक निरोप भरून ठेव. दल्या म्हणू नकोस, ते नाव नानांबरोबर गेलं. आबा, जेवलात का, एवढंच विचार.

लवकर ये. वाट बघतो आहे.

तुझा,
आबा