अक्ष तुझा, चिन्ह माझं

छत्रपती संभाजीनगर,
गुरुवार

प्रिय मंजुषा,

आधी काय घडलं ते क्रमानं लिहिते.

१. मंगळवारी सरांनी लोलकाचं गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं.
२. मी ते चुकवलं. वर्ग हसला.
३. काल तुझा कृष्णादादा वसतिगृहावर तुझी गादी न्यायला आला. मी दिली नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे वाजत नाही, त्यामुळे तुला कापता येणार नाही.

चूक कशी झाली ते सांगते. मी नेहमी वरची दिशा धन धरते, तू खालची. त्यावरून आपण पहिल्याच आठवड्यात भांडलो होतो. तू म्हणालीस, "आमच्या सिल्लोडला विहीर काठापासून खाली मोजतात, विशाखे. तळापासून मोजायचं तर आधी बुडावं लागंल." तरी मी माझा अक्ष वरच ठेवला होता. मंगळवारी हात आपोआप तुझ्या पद्धतीनं गेला आणि मी अक्ष खाली काढला. मग स्थितिज ऊर्जेला वजा चिन्ह हवं होतं. मी सवयीनं अधिक लिहिलं. अक्ष तुझा, चिन्ह माझं. त्या हिशेबानं लोलक उलटा, डोक्यावर ताठ स्थिर राहतो. सर म्हणाले, "हा लोलक आहे की झेंड्याचा खांब?" सगळ्यात मोठ्यानं तू हसली असतीस, पण त्याआधी बाकावरून "वजा, बाई, वजा!" असं ओरडलीही असतीस. कुणी ओरडलं नाही.

कृष्णादादा फाटकाशीच उभा होता. म्हणाला, "मंजी म्हणती, ते मेकॅनिक्स आपल्या डोक्याभाईरचं हाय, आता परत येणार न्हाई. गादी द्या, निघतो." मी सांगितलं, गादी धुतली आहे, ओली आहे. कापूस पिकवणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं! तो गाडीकडे वळला. मग म्हणाला, "बरं. वाळली की सांगा. रविवारी येतो." आणि हसत गाडीत बसला. तोही तुझ्याच बाजूचा आहे, असं मला वाटतं.

तुझ्या पलंगावर मी काही ठेवलेलं नाही. मेसच्या सारजामावशी अजून ताटं दोनच काढतात आणि माझ्याकडे बघून एक परत ठेवतात.

आता तू विचारशील, मंगळवारी मी तिथं कशाला होते? तो वर्ग मेकॅनिक्सचा पेपर राहिलेल्यांसाठी आहे. माझा निघालाय, तुझा राहिलाय. पहिल्या दिवशी सरांनीही हेच विचारलं. मी म्हणाले, मंजुषाची जागा धरून बसले आहे. ते म्हणाले, मग गणितंही तिच्या वाटणीची सोडव. मंगळवारी त्यांनी नाव तुझं पुकारलं होतं, उठले मी. आजवरची टिपणं सोबत जोडली आहेत. सगळे अक्ष खाली काढलेत, चिन्हं दोनदा तपासलीत. पण पेपर मला तुझ्या जागी देता येणार नाही. गादी कोरडी आहे. दादाला द्यायची की पलंगावर पसरायची, ते शनिवारपर्यंत कळव.

तुझीच,
विशाखा