सभागृहातला मधला खांब

२ सप्टेंबर
सभागृहाच्या नूतनीकरणाची मीटिंग. जागा शाळेची, देखरेख माजी विद्यार्थी मंडळाची, पैसा सगळा दामूशेठचा. कोलशेतचे, आमच्याच शाळेचे. पूर्वी घरची मिठागरं, आता टॉवर. सगळं सुरळीत चाललेलं, तेवढ्यात खांबाचा विषय निघाला. स्टेजसमोरचा जुना सागवानी खांब. त्याच्यामागे बसलेल्याला गॅदरिंग कधी दिसलंच नाही. "बाई, मी ल्हानपनी निस्ता खांबच बगला," दामूशेठ. सगळे खो-खो हसले. काढायचा ठरला. मुख्याध्यापिका म्हणून मीही मान डोलावली.
इंजिनिअर काणे कल्याणहून येतात. त्यांची एकच अट: आधी खांबाने पेललेल्या तुळईखाली लोखंडी टेकू, मग खांब काढा. तुळईला कायमचा आधार म्हणून गर्डर बसेपर्यंत टेकूला कुणी हात लावायचा नाही.

२० सप्टें.
खांब कापला. टेकू उभे. हॉल केवढा मोठा दिसायला लागला! ओवी (नात माझी, पाचवीत, इथेच) मधोमध गिरक्या घेत होती. "आजी, आमचा कोळीनाच इथेच ना?" हो गं बाई, इथेच.

खंडेनवमी
डोकं फिरलंय नुसतं. कामगारांनी हत्यारं पूजेला मांडलेली. करवती, रंधे, ड्रिल. आणि टेकू! धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून स्टेजवर आडवे!! मुकादम म्हणतो, "अवजारच ना ते, बाई. आजच्या दिवशी राबवायचं नसतं." अहो, पण वर तुळई कुणाच्या जिवावर?
काण्यांना फोन. टेंभी नाक्याला देवीची गर्दी, रस्ते बंद, ते मध्येच अडकलेले. मंडळाचा सेक्रेटरी निखिल वर बघत, "चिल, मॅडम. जरासुद्धा हललं नाही."
प्रसादाचा पेढा तसाच रुमालात बांधून ठेवला.

दसऱ्यानंतरचा सोमवार
टेकू परत लागलेच नाहीत. मुकादमाने दुसऱ्या साइटवर नेले. गर्डर म्हणे मे महिन्याच्या सुट्टीत. ओरडले मी. दामूशेठ शांतपणे, "कनाला घाबरताव, बाई? देवीनं सांबाळला ना." देवीचं नाव आल्यावर पुढे काय बोलणार, कप्पाळ! काणे भडकून काम सोडून गेले.
तुळईखाली पीओपीचं छत चढतंय. म्हणजे आता वर काय चाललंय ते दिसणारही नाही.

१९ नोव्हें.
हॉल झकास दिसतोय, हे कबूल. स्टेजशेजारचं बाजूचं दार मात्र खाली घासतंय. सुताराने रंधा मारला. लागलं.

२८ नोव्हें.
दार पुन्हा अडलं. पुन्हा रंधा. "लाकूड फुगतं, मॅडम." या कोरड्या हवेत? माझ्या घरचं एकही दार फुगलेलं नाही.
भीती वाटते. निखिलला सांगितलं तर "तुम्ही फार टेन्शन घेता". हो, घेते!
ओवीला विचारलं, या वर्षी नाचली नाहीस तर? भोकाड पसरलं. मग मीच तिच्यावर खेकसले. नको होतं खेकसायला.

१० डिसें.
प्रॅक्टिस बघितली. पाचवीच्या मुली एका ठेक्यात पाय आपटतात, तसा पीओपीतून भुगा पडतो. बारीक, पांढरा. शिपायाने झाडून टाकला. "नवीन कामाचा असतोच," म्हणाला.
नवीन काम संपून महिना झाला.

१७ डिसें.
काण्यांच्या अक्षरशः हातापाया पडले. परवा सकाळी येतो म्हणाले. "तोवर आत कुणाला सोडू नका, बाई." गॅदरिंग परवाच. दामूशेठना म्हटलं, मैदानात घेऊ. "पावने हॉल बगाला येनार, बाई. मैदान नाय." पहिल्यांदाच निखिलने वर बघायचं टाळलं.

१९ डिसें., सकाळ
लवकर आले. बाजूच्या दाराची कडी आता कोयंड्यापर्यंत पोचतच नाही. खांब होता त्याच्या बरोब्बर वर छताला चीर. काल नव्हती, शपथेवर सांगते.
बस्स. मुख्य दाराला कुलूप घातलं, किल्ली पदराला बांधली. काणे आल्याशिवाय उघडणार नाही, काय बोंबलायचं ते बोंबला. दामूशेठ आले, चिडले, मग चिरेचं ऐकून चक्क खाली बसले. "मंग मैदानाव घ्या, बाई," म्हणाले. पाणी मागितलं. मी नाचाच्या बाईंना निरोप पाठवला, मुलींना मैदानात उभं करा.
काण्यांचा फोन, टेंभी नाक्यापर्यंत पोचलेत. जरा हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी चहाला चव लागली.

नाचाच्या बाई आत्ता आल्या. एकट्याच. "मुली मैदानात नाहीत, मॅडम. तुमच्याकडे आल्यात का?"
गाणं सुरू झालंय. हॉलमधून. पायांचा ठेका.
बाजूचं दार. त्याला कडी लागतच नाही आणि मी वेडी पुढच्या कुलपाची किल्ली पदराला
ओवी