सपाट अंगणातला आकडा

मिन्स्क, १२ ऑक्टोबर १९८६

तुंगाक्का, लांबूनच पाया पडतो.

मी बरा आहे. अण्णांचा दमा कसा आहे?

अणुभट्टीच्या अपघाताची धूळ इथल्या खेड्यांवर पडली. तिचे किरण आम्ही विद्यार्थी यंत्राने मोजतो. नांगरलेल्या शेतात ढेकळं किरण अडवतात, आकडा कमी येतो. सपाट अंगणात तो वाढतो.

सोमवारी हान्ना आजींचं अंगण मोजलं. त्या म्हणाल्या, "शेत बरं आहे ना? मग मी शेतात झोपेन, पण घर सोडायला लावू नकोस."

मी खरा आकडा लिहिला. काल ट्रक त्यांना घेऊन गेला. अंगण झाडूनच त्या ट्रकमध्ये चढल्या.

माझं रक्त पुन्हा तपासायला घेतलंय. अण्णांना सांगू नकोस.

तुझाच,
जयतीर्थ