टीचर, ही तुमची कोण?

प्रिय रिशेल,

बांगडा तळला आणि एकटीने खाल्ला, म्हणजे जिवंत आहे आणि भूकही लागते. एवढी खुशाली पुरे. परवा फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसती हूं हूं करत होते. आता तू गप्प बस आणि वाच.

जानेवारी आला की आमच्या शाळेत कर वाचवण्याची कागदपत्रं द्यायची असतात. आपल्या मुलांची कॉलेजची फी भरली की कर थोडा कमी होतो. सावित्रीबाई ऑफिसात होत्या तोवर तुझी पावती त्यांच्या टेबलावर ठेवायची, चहा प्यायचा आणि यायचं. अख्ख्या जामसंड्यात तू सोकोरो टीचरचं चेडू, माझीच लेक, विचारणार कोण? नियमाने ती सवलत माझी नव्हतीच, पण खोटं करतेय असं एकदाही मनात आलं नाही. यंदा बाई निवृत्त झाल्या आणि सर्वेश नावाचा नवा कारकून आला. त्याने तुझा जन्मदाखला मागितला. तो बघून अदबीनेच म्हणाला, "टीचर, ही तुमची कोण?" जन्मभर फळ्यासमोर बडबडणारी मी, पावती उचलली आणि वर्गावर निघून गेले.

मादीन, म्हणजे धर्माची आई, हे त्याला कसं सांगू? बाप्तिस्म्याला तुला मी हातांवर घेतलं होतं. वेळ आलीच तर आईच्या जागी उभी राहशील ना, असं फादरनी विचारलं आणि मी हो म्हटलं. तेव्हा हो म्हणायला काय जात होतं? तुझी आई, माझी जिवाची मैत्रीण, शेजारी उभी राहून हसत होती. ती गेली तेव्हा तुझे दुधाचे दातही पडले नव्हते. तुझा बाप रॉयस्टन बोटीवर असायचा, म्हणून तुला माझ्याकडे ठेवून गेला. त्याला मी नावं ठेवत नाही. नाताळला त्याची चॉकलेटं न चुकता यायची. ताप मात्र तुला माझ्याच घरात यायचा.

आता त्याने बोट सोडली, मडगावला नोकरी धरली. मागच्या रविवारी माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "सोकोरू, चेडवाची फी आता मी भरतलंय. ता माझा चेडू मां?" मी त्याला सोलकढी वाढली. दुसरं काय करणार होते? बाप आहे तो, आणि सर्वेशच्या नियमातही तोच बसतो.

मग तुझा फोन आला. पप्पा ईस्टरला मडगावला बोलावताहेत, सुट्टीत तिथेच राहा म्हणताहेत, हे सांगताना तुझा आवाज किती फुलला होता! शेवटी तू घाबरत विचारलंस, "मादीन, तुझी काय हरकत नाय मां?" मी म्हटलं, "छे गो!" आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. चुलीवर काहीच नव्हतं. हरकत आहे, रिशेल. खूप आहे. माझा हक्क नाही, पण हरकत आहे. ईस्टरला तू जा, बाप वाट बघतोय. फक्त मला काही वाटलं नाही, असं समजून जाऊ नकोस.

कागदावर कुणीच नसलेली, तरी तुझीच,
मादीन