सात एकर कुरणाची निरवानिरव

मी, नागोजी रवळू चौगुले, वय बहात्तर, धंदा शेती, राहणार निपाणीजवळ, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव, डोळ्यांनी अधू पण डोक्याने धड, कुणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो.

राहतं घर व विहिरीकडची तीन एकर मुलगा भरमा याला.

बैलगाडी कुणालाही देऊ नये, जळणाला फोडावी. माळढोक माणूस बघून उडतो, बैलगाडीला भीत नाही. म्हणून तर बेळगावच्या कॅम्पातले लष्करी साहेब शिकारीला जाताना मला गाडी हाकायला नेत. वीस वर्षं मी त्यांना बंदुकीच्या टप्प्यात नेलं. तणमोर त्याच्याच जातीचा, पण कोंबडीएवढा. पावसाळ्यात मादीला दिसावं म्हणून गवतातून वर उड्या मारतो. साहेब त्या उडीवरच बार काढत.

आता दोन्ही पाखरं मारायला सरकारची बंदी आहे. माळढोकाचं नाव पेपरात तरी येतं, तणमोराला कोण विचारतो? पण तणमोराची मादी तीन-चार अंडी घालते, माळढोकाची एकच. ते एक १९७६ साली आमच्या कुरणात होतं. गुरं तुडवतील म्हणून मी उचलून खुडूक कोंबडीखाली ठेवलं. माझी बायको नागुबाई म्हणाली, "आवो, तिचं तिला ऱ्हाऊ द्या." मी ऐकलं नाही. अंडं नासलं. मादी चार दिवस त्याच जागेभोवती फिरत होती. पुन्हा आमच्यात माळढोक उतरला नाही. शिकारीचं पाप साहेबांत वाटलं जाईल, हे माझं एकट्याचं आहे.

शिकारीच्या बक्षिसांतून घेतलेलं सात एकर कुरण मुलगी अंबुबाई हिला. भरमा तिथं तंबाखू लावायचं म्हणतो. "अण्णा, पाखरूच येत न्हाय, राखायचं कुणासाठी?" त्याचंही खोटं नाही. गेल्या श्रावणात एक तणमोर आलता. दिवसभर एकटाच उड्या मारत होता, मादी नव्हतीच. मला बघवलं नाही. तरी दिवाळीपर्यंत गवत कापू नये, अंडी त्यातच असतात. नांगर कधीच घालू नये.

अंबू येळ्ळूरला नांदते, जमीन भरमाच्याच हातात राहणार, हे मला कळतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर माझं काय अडलंय ते भरमाला ठाऊक आहे. त्याने कुरणाचा शब्द द्यावा. मनात नसेल तर देऊ नये, पिंड तसाच राहू दे.

वाचून घेतलं, पटलं, सही केली.

नागोजी रवळू चौगुले

साक्षीदार:
१. मष्णू देवाप्पा कांबळे, शिकारीतला जोडीदार (डावा अंगठा)
२. मारुतीराव भावकू जाधव, निवृत्त शिक्षक (सही)

निपाणी, १४ सप्टेंबर १९८३